सोबत पाहावे

“चित्र. सोबत पाहावे.”

पडद्यावरचं वाचून दाखवणारी मुलीच्या फोनमधली यांत्रिक बाई सपाट आवाजात बोलली. मुलीनं काचेवरून बोट सरकवलं. “चित्र. सोबत पाहावे. चित्र. सोबत पाहावे.”

“ताई, काय पाहू?” मुलीनं विचारलं. ती जन्मापासून आंधळी होती.

ऑफिसच्या खिडकीमागे बसलेल्या कारकूनबाईंनी आपलेच शब्द ओळखले. कॉलेजच्या वेबसाइटवर सूचना चढवायचं काम त्यांचंच. सही-शिक्का दिसलाच पाहिजे, हा साहेबांचा हट्ट. म्हणून छापील सूचनेचा फोटो काढून तो टाकायचा. तीन आठवड्यांपूर्वी फर्मान निघालं: ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक चित्रामागची, फोन वाचून दाखवतो ती वर्णनाची चौकट भरा, दोन दिवसांत. चित्रं दोनशे बारा. चौकटीत लिहायचं काय, हे सांगायला कुणाला फुरसत नव्हती. सव्वीस वर्षं कागदाला कागद टाचताना बाई जे लिहीत आल्या, तेच त्यांनी लिहिलं. दोनशे बारा वेळा. साहेबांनी पाठ थोपटली आणि वेबसाइट सर्वांना सुलभ झाल्याचं वर लेखी कळवून टाकलं. डोळे मिटून ती एकदा ऐकावी, असं एकाही डोळसाला वाटलं नाही.

“परीक्षेला लेखनिक हवाय, त्याचा अर्ज,” मुलगी कागद पुढे करत म्हणाली. “आजच शेवटची तारीख आहे, हे मैत्रिणीनं आत्ता सांगितलं.”

“आणि डॉक्टरांचा नवा दाखला?”

“तोही लागतो?”

“अगं, सूचनेत स्पष्ट दिसतंय की...” बाईंनी जीभ चावली.

पाच वाजायला वीस मिनिटं होती. पाचला खिडकी बंद. बाई धावतच साहेबांच्या खोलीत गेल्या.

“साहेब, आठ दिवस द्या तिला. दाखला आणेल ती.”

“सूचना वेबसाइटवर होती की नव्हती?”

“होती, पण तिला ऐकूच...”

“मग झालं तर! सुलभ आहे म्हणून लिहून दिलंय आपण. आता नाही म्हणून लिहून देऊ? आणि चौकटी कुणी भरल्या? निवृत्तीला चार वर्षं राहिलीत बाई, सुखानं घालवा.”

बाई खिडकीशी परतल्या.

“किती वाजले, ताई?”

“पाचला दहा कमी.”

“लेखनिक नाही मिळाला तर कोरा पेपर देऊन येऊ का मी?”

बाईंनी अर्ज ओढला. आवक शिक्का पडलेला कागद गिळता येत नाही. त्याला कुणाला तरी लेखी उत्तर द्यावंच लागतं. हे सव्वीस वर्षांत त्या शिकल्या होत्या. त्यांनी शिक्का हाणला. मग अर्जाच्या समासात लिहायला लागल्या.

“काय खरडताय?” साहेब दारात उभे.

बाईंनी सही केली आणि सवयीनं कागद मुलीकडे फिरवला. “हे बघ...”

मुलगी वाट पाहत होती.

बाईंनी कागद परत स्वतःकडे वळवला, घसा खाकरला आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं वाचलं, “अर्ज मुदतीत मिळाला. दाखल्याची सूचना अर्जदारास वाचता येईल अशी वेबसाइटवर नव्हती. चूक माझी. अर्जदारास आठ दिवस मिळावेत.”

त्या तिथं थांबल्या नाहीत. खालची वेळ वाचली, शिक्क्यावरचा आकडा वाचला, आणि शेवटी आपली सहीसुद्धा वाचून दाखवली.