नुसता सोडा

फस्स्स!

"बघितलंत? तीनदा दाबलं की झालं. साध्या पाण्याचा सोडा!" दुकानातल्या विक्रेतीने यंत्रातली बाटली काढून दोन ग्लास भरले. एक लिफ्टवाल्यांच्या हातात दिला, एक त्यांच्या बायकोच्या, ताईंच्या.

ताईंनी तो तसाच टेबलावर ठेवला. तो आवाजच त्यांना नको होता. वीस वर्षं त्या लॅबमध्ये लोकांच्या शिरा शोधून रक्त काढत होत्या. तिथे त्यांना सगळे ताईच म्हणत आणि त्यांचा हात कधी थरथरला नव्हता. पण हा 'फस्स' त्यांच्या चांगल्याच ओळखीचा होता. घरात तो ऐकू आला की पुढची संध्याकाळ कशी जाणार ते ठरलेलं असायचं.

"एका गॅसच्या सिलिंडरमध्ये साठ लिटर सोडा होतो," विक्रेती सांगत होती. "बाटल्या आणायला नकोत, टाकायला नकोत. वीजसुद्धा लागत नाही."

"आणि सिलिंडर संपला की?" ताईंनी विचारलं.

"रिकामा इथे द्यायचा, भरलेला न्यायचा."

"म्हणजे आणखी एक हेलपाटा. आणि हे धूड ठेवायचं कुठे? ज्यूस काढायचं यंत्र घेतलंत हौसेनं, त्याच्या भांड्यात आता तुमचे नटबोल्ट असतात."

एरवी लिफ्टवाले हसले असते. आज हसले नाहीत. "घेऊ या गं," ते हळूच म्हणाले. "मला उपयोगी पडेल."

"कशासाठी?"

"सोडा प्यायला."

विक्रेतीला हसू आलं. ताईंना आलं नाही. पंधरा वर्षं त्यांनी हा एकच शब्द घोकला होता. अहो, सोडा ती. आता तरी सोडा. आणि लिफ्टवाले मित्रांपुढे ग्लास उंच धरून म्हणायचे, "सोडाच घालतोय की!" मग हशा पिकायचा. लिफ्ट दुरुस्त करण्यात आणि अडकलेल्या लिफ्टमधून माणसं सुखरूप बाहेर काढण्यात या माणसाचा हात धरणारं कुणी नव्हतं; स्वतः मात्र संध्याकाळचे सात वाजले की अडकायचा.

दारू सुटून आता आठ महिने झाले होते. रोज संध्याकाळी ते सोड्याची एक बाटली आणत, लिंबू पिळत आणि खिडकीत बसून तासभर तीच पुरवत. एक बाटली ताईंनी चालवून घेतली होती. पण यंत्र म्हणजे कायमचा मुक्काम.

"सोडा घरात राहायला आला की त्याच्या मागोमाग कोण येतं, ते मला नका शिकवू," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

लिफ्टवाल्यांनी ग्लास खाली ठेवला. "बरं. राहिलं."

ते 'बरं' ताईंना दिवसभर डाचत राहिलं. भांडले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी सातला लिफ्टवाल्यांनी कापडी पिशवी उचलली तेव्हा ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. "आज मी आणते."

"तू नको." उत्तर फारच पटकन आलं.

"का? कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून तर आणायचा."

"तो सोडा ठेवत नाही आता."

"कधीपासून?"

"झाले असतील सहा-सात महिने."

"मग तुम्ही आणता कुठून?"

लिफ्टवाले पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले. "त्या दुकानातूनच. आधी जायचो ना, तिथून. जवळपास दुसरीकडे मिळत नाही."

"दारूच्या दुकानातून? रोज?"

"सांगितलं असतं तर तुला झोप लागली असती का?"

रोज दारातच पिशवी घ्यायच्या निमित्ताने ताई त्यांच्या तोंडाचा वास घेत. आठ महिन्यांत एकदाही आला नव्हता. पण वास लपवणारे बहाद्दर त्यांनी कमी पाहिले नव्हते. त्यांनी नवऱ्याच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि जिना उतरल्या.

दुकानाच्या जाळीपुढे सात-आठ पुरुष होते. बाईमाणूस बघून ते बाजूला सरकले. ताईंना नुसता सोडा मागता आला असता, पण त्यांना खरं काय ते एकदाचं कळायला हवं होतं.

"वरच्या गल्लीतले लिफ्टवाले येतात ना," त्या दुकानदाराला म्हणाल्या, "त्यांचं नेहमीचं द्या."

"तुम्ही घरच्या का?" दुकानदाराने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग तो वळला. त्याचा हात फळीवरच्या बाटल्यांपाशी गेला. ताईंनी जाळी घट्ट धरली. हात पुढे सरकला, त्याने फ्रिज उघडला आणि सोड्याची एक बाटली काढून सवयीने कागदात गुंडाळली.

"एवढंच?" ताईंनी विचारलं.

"एवढंच. पहिल्या दिवशी मी त्यांची जुनी बाटली काढून समोर ठेवली होती, ताई. बराच वेळ बघत राहिले. घाम फुटला होता त्यांना. मग म्हणाले, नुसता सोडा. तेव्हापासून मी रोज ती बाटली पुढे ठेवतो आणि विचारतो, नुसता? आमची आपली गंमत."

"आणि ते?"

"रोज एकच. नुसता."

"पैज लागलीय आमची," मागून कुणीतरी म्हणालं, "हा नेम कधी मोडतात त्याची!" सगळे हसले.

ताईंना त्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याहून जास्त लाज वाटली ती स्वतःची. रोज इथे उभं राहून, हे हसणं ऐकून नवरा घरी येत होता आणि दारात मुकाट्याने आपला वास घेऊ देत होता.

"उद्यापासून ते येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "आम्ही सोड्याचं यंत्र घेतोय."

"त्यात काही अर्थ नाही हो, ताई. चार दिवस हौस, मग धूळ खात पडतं."

"पडू दे."

रस्त्यात त्यांनी बाटलीवरचा कागद काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला. लिफ्टवाले इमारतीखाली उभे होते, पायात चप्पलही नव्हती. त्यांनी आधी ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे.

"काय म्हणाला?"

"काही नाही. गर्दी होती."

"दे इकडे, मी धरतो."

ताईंनी रिकामी पिशवी त्यांच्या हातात दिली. बाटली दिली नाही. खालच्या बाकावर शेजारची मंडळी बसली होती. दोघं जवळ येताच त्यांचं बोलणं थांबलं आणि नजरा बाटलीवर गेल्या. ताईंनी चाल मुद्दाम आणखी सावकाश केली आणि नवऱ्याच्या बरोबरीने त्यांच्या समोरून गेल्या.