थोरलीच्या पोटात, धाकटीच्या पोटात

मित्रांनो, मी एक जुना रहिवासी आहे. पत्ता कळला की नाक मुरडाल, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी माणसाच्या मोठ्या आतड्यात राहणारा एक जंतू आहे. जंतू म्हटलं की तुम्ही हात धुवायला पळता. पण पाची बोटं सारखी नसतात, तसे आम्हीही सारखे नसतो.

माझं वय मात्र विचारू नका. आमच्यात आजोबा, वडील, मुलगा अशी उतरंड नसते. एकाचे दोन होतात, दोनाचे चार. त्यामुळे पहिला तो मीच आणि आजचाही मीच. मी आधी एका बाईच्या पोटात होतो. तिला पहिली मुलगी झाली तेव्हा जन्माच्या धांदलीत माझा एक वाटा त्या लेकीकडे गेला. पुढे दुसरी झाली, तिच्याकडेही गेला. आईने लेकींना दिलेली पहिली भेट मीच, पण त्याबद्दल कोणी माझं कौतुक केल्याचं आठवत नाही. थोरलीच्या पोटात मी आहे आणि धाकटीच्या पोटातही मीच आहे. मला कान नाहीत. तरी घरात कोण काय बोललं ते पोटाला बरोबर कळतं. भीती वाटली की ते कसं आवळतं, तुम्हीच आठवून पाहा.

माझं काम उष्ट्या-खरकट्याचं. फळांची सालं, कोंडा, भाजीचे चिवट धागे, जे तुम्हाला पचत नाही ते शेवटी माझ्यापर्यंत येतं. ते मी खातो आणि त्यातून जे बनवतो त्यावर आतड्याची भिंत पोसली जाते. भिंत धड असली की आतलं आत आणि बाहेरचं बाहेर राहतं. त्या काळी आम्ही अगणित होतो आणि दाटीवाटीने का होईना, गुण्यागोविंदाने राहत होतो.

या मुलींच्या बाबांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची खोपटीच ती. एक काउंटर, एक वाकवता येणारा दिवा आणि एक स्टूल. बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा थोरली त्या स्टुलावर बसली. डोळ्याला भिंग लावायची आणि केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने अलगद उचलून जागेवर बसवायची. गिऱ्हाइकं दुसरं दुकान सोडून तिच्याकडे यायची. ते दिवस आमच्याही भरभराटीचे होते.

मग थोरलीला तोंड येऊ लागलं. एक फोड बरा होतो न होतो तोच दुसरा उठायचा. आई औषधांच्या दुकानातून विचारून विचारून गोळ्या आणायची. त्यातल्या कितीतरी गोळ्या आम्हा जंतूंना मारणाऱ्या होत्या. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. पुढे गुडघे सुजले आणि मग डोळा लाल झाला. बरेच डॉक्टर झाल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. ते इतकं लांबलचक होतं की घरात कोणाच्या तोंडी बसलं नाही. फार थोड्यांना होणारा आजार. शरीर आपल्याच रक्तवाहिन्यांवर उलटतं आणि जागोजागी सूज आणतं.

"नुसतं तोंड येत होतं तेव्हाच आला असतात, तर डोळा वाचवता आला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

थोरलीचा एक डोळा गेला आणि दुसरा अधू झाला. तिच्या पोटात आमची वस्ती ओस पडत चालली होती आणि आमच्या जागी भलतेच येऊन बसले होते. आम्ही कमी झालो म्हणून ती आजारी पडली, की ती आजारी पडली म्हणून आम्ही कमी झालो, हे मला सांगता येत नाही. डॉक्टरीणबाईंनाही येत नव्हतं, म्हणून तर त्या शोध घेत होत्या.

आता स्टुलावर धाकटी बसू लागली. तिचाही हात चांगला होता. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, "ही आहे म्हणून दुकान उघडतंय." त्यांच्या मनात काही नव्हतं. पण ते ऐकलं की धाकटीचं पोट आवळायचं, कारण तिच्याही तोंडात फोड उठायला लागले होते.

तिने ते कोणाला सांगितलं नाही. चहा गार करून प्यायची, एकाच बाजूने चावायची. थोरलीने एकदा हटकलं.

"तोंड आलंय का गं तुला?"

"दाढ दुखतेय. तुला सगळीकडे तेच दिसतं."

थोरलीने तिला लवंग आणून दिली. मी मात्र धाकटीच्या आतड्यात माझीच माणसं रोज कमी होताना पाहत होतो. हेच मी एकदा पाहिलेलं होतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण आमचं ओरडणं म्हणजे पोटातली गुरगुर. तिच्याकडे लक्ष कोण देतं?

अशात डॉक्टरीणबाईंनी घरी दोन डब्या दिल्या. एक आजारी माणसाच्या शौचाची, दुसरी त्याच घरात तेच अन्न खाणाऱ्या निरोगी माणसाच्या शौचाची. दोन्हींतल्या जंतूंत काय फरक आहे ते त्यांना पाहायचं होतं. निरोगी म्हणून अर्थातच धाकटीचं नाव पुढे आलं. ती नाही म्हणाली असती तर का म्हणून विचारलं असतं. तिने मुकाट्याने डबी भरून दिली. मला वाटलं, आता तरी माझं म्हणणं योग्य माणसाच्या कानी पडेल.

पडलंही. काही आठवड्यांनी तपासणीच्या बाईंचा फोन आला. घरातले सगळे भोवती बसून स्पीकरवर ऐकत होते.

"दोन्ही डब्यांतले जंतू जवळजवळ सारखेच आलेत," बाई म्हणाल्या. "आजाऱ्याच्या डबीत जे कमी असतात ते दोन्हींत कमी आहेत. एकाच व्यक्तीचं दोन्हींत भरलंत का? असेल तर सांगा. लाजेने पुष्कळ लोक तसं करतात."

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. खरं सांगायला याहून सोपी वेळ तिला मिळणार नव्हती.

"हो," ती म्हणाली. "मला कसंतरीच झालं. मी ताईचंच भरलं."

आईने कपाळावर हात मारला. बाबा हसले, "अगं वेडे, एवढी कसली लाज?" बाईही हसल्या आणि ही जोडी बाद करते म्हणाल्या. आमची साक्ष तिथेच केरात गेली. मित्रांनो, इतकं वाईट मला कोणत्याही गोळीने वाटलं नव्हतं.

हसली नाही ती थोरली. तिने आपली डबी स्वतः भरून झाकण लावून दवाखान्यात नेऊन दिली होती, कोणाच्या हातात दिलीच नव्हती. दोघीच उरल्या तेव्हा तिने धाकटीचं मनगट धरलं.

"दुसरी डबी तुझीच होती."

"असेल. पण मी उठले तर दुकानाला कुलूप लागेल. बाबा जगतील का? थोडे दिवस जाऊ दे, मी स्वतः सांगेन. कोणाला बोलशील तर तुला माझी शप्पथ आहे. माझं मेलेलं तोंड बघशील."

थोरलीने हात सोडला. सख्ख्या बहिणीची शप्पथ मोडायची कशी? रोज जेवताना ती आपल्या अधू डोळ्याने धाकटीचा घास पाहायची आणि मान खाली घालायची. तिचंही जेवण तुटलं, हे मला दोन्हीकडून कळत होतं.

पावसाळा गेला. एका दुपारी स्टुलावर बसलेल्या धाकटीच्या भिंगातून घड्याळ दिसेना. भिंग पुसलं तरी दिसेना. डोळा रक्तासारखा लाल झाला होता. डॉक्टरीणबाईंनी तिचं तोंड उघडून पाहिलं आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"हे फोड कधीपासून आहेत? घरात एक डोळा गेलेला असताना कोणालाच कळलं नाही?"

"मला कळलं होतं," थोरली म्हणाली.

आता औषधं चालू आहेत. डोळा राहील की जाईल, ते अजून कोणी सांगत नाही. दुकान बंद आहे. बहिणी एकाच खोलीत झोपतात, पण बोलत नाहीत. मी दोघींच्या पोटात थोडाथोडा उरलो आहे आणि जमेल तेवढं काम करतो.

मित्रांनो, आम्हाला सांभाळा. फळं, भाज्या, डाळी खा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय उगाच गोळ्या गिळू नका. पण आमच्यापेक्षा आधी एकमेकांना सांभाळा. दुखत असेल तर सांगा. आणि तुमच्या कोणी जिवाभावाच्या माणसाने आपलं दुखणं लपवायला तुम्हाला स्वतःची शप्पथ घातली, तर ती त्याच दिवशी मोडा. तो रागावेल, बोलणं टाकेल. टाकू दे.