पथ्याचा डबा

मी एक डबा आहे. स्टीलचा, दोन कप्प्यांचा, दोन बाजूंना दोन खटके. डावा खटका जरा घट्ट आहे, तो उघडायला अंगठ्याचा जोर लावावा लागतो. ओळख म्हणून एवढं पुरे. आम्हा डब्यांना स्वतःबद्दल फार बोलायची सवय नसते. दुसऱ्याचं पोटात धरण्यातच आमचा जन्म जातो.

एका कारखान्यात पत्र्याच्या चकतीवर साचा तीनदा आदळला आणि मी झालो. दीड वर्ष दुकानाच्या फळीवर काढलं. मग एका बाईंनी मला मुलीच्या शाळेसाठी विकत घेतलं. मुलीने मला अकरा दिवस नेलं. बाराव्या दिवशी ती म्हणाली की बाकीच्यांचे डबे रंगीत आहेत, आणि हा दप्तरात वाजतो. झालं. माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे माझ्यात जुनी बटणं, एक औषधाचा चमचा आणि कुठल्याच कुलपाला न लागणारी एक किल्ली ठेवण्यात आली. सात वर्षं मी ती सांभाळली. रिकाम्या डब्यापेक्षा भलत्याच गोष्टींनी भरलेला डबा जास्त एकटा असतो, हे मला तिथे कळलं.

एका संध्याकाळी बाई स्टुलावर चढल्या, मला खाली काढलं आणि बटणं वर्तमानपत्रावर ओतली. मागे जेवणाच्या टेबलाशी त्यांचे यजमान मान खाली घालून बसले होते. कचेरीत त्यांना सगळे नाना म्हणतात. जमिनी मोजून त्यांचे नकाशे करून देणाऱ्या एका लहानशा कचेरीत ते नकाशे काढतात. पेन्सिलीची रेघ केसाइतकी बारीक, आणि घरातला खर्च मात्र हा असा, असं बाई मला घासता घासता म्हणाल्या.

झालं होतं असं की औषधाच्या दुकानात बाईंचं कार्ड दोनदा चाललं नव्हतं. मागे रांग उभी. त्यांनी अर्ध्या गोळ्या परत केल्या आणि घरी येऊन सगळी बिलं टेबलावर मांडली. पगार बारा तारखेपर्यंत संपत होता. मोठ्या टीव्हीचा हप्ता, सोफ्याचा हप्ता, व्यायामाच्या सायकलचा हप्ता. त्या सायकलवर शर्ट छान वाळतात, एवढाच तिचा उपयोग. आणि महिनाअखेरीला मुलीच्या वसतिगृहाची फी. मागच्या दोन्ही वेळा नाना थोरल्या भावाकडे गेले होते. दादांनी पैसे दिले. सोबत तासभर उपदेश दिला आणि त्यावर बिनसाखरेचा चहा.

तिसऱ्यांदा दादांच्या दारात उभं राहायचं नाही, असं नाना म्हणाले. बाई म्हणाल्या, मग एक महिना माझं ऐका. घरात आहे ते खायचं, कपाटात आहे ते घालायचं, पाय पोचतील तिथे पायीच जायचं, आणि बाहेरचं काही म्हणजे काही नाही. नानांनी सगळ्याला मान डोलावली. फक्त दुपारच्या जेवणाशी ते अडखळले. कचेरीतली पाच माणसं रोज शेजारच्या खानावळीत जेवत. रोज एकाने पाचजणांचे पैसे द्यायचे, असे नंबर लागलेले होते.

"सरळ सांगा ना त्यांना," बाई म्हणाल्या.

"सांगतो," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एक वाजला. खुर्च्या सरकल्या. कचेरीतला कारकून नानांच्या टेबलाशी आला. त्याला सगळे फोडणी म्हणतात, कारण कुठलीही बातमी त्याच्याकडून साधी पुढे जात नाही. तो म्हणाला, "चला नाना, आज तुमचा नंबर."

नानांचा तळवा माझ्या झाकणावर होता. तो एकदम ओला झाला.

"नाही रे," ते म्हणाले, "डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय. पथ्य आहे."

कशाचं, असं टायपिस्ट बाईंनी विचारलं. पोटाचं, नाना म्हणाले. आणि तिथेच थांबायचं सोडून पुढे म्हणाले की अजून बघताहेत. त्या 'अजून बघताहेत'ने सगळा घात केला. त्यांना म्हणायचं होतं की काही विशेष नाही. ऐकणाऱ्यांना ऐकू आलं ते वेगळंच.

टेबलावर जेवायला मनाई होती, नकाशांना तेल लागतं म्हणून. नाना मला घेऊन मागच्या लोखंडी जिन्यावर गेले. तळापासून तिसरी पायरी. समोर पाण्याची टाकी, बाजूला पंप, आणि भिंतीपलीकडे तीच खानावळ. पहिले दोन दिवस ते बरे होते, सावकाश जेवले. तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे मोठ्याने हशा पिकला आणि नानांचा घास हातातच राहिला. कोण काय बोललं असेल याचा ते अंदाज घेत होते. पुढे हे रोजचंच झालं. भिंतीकडे कान देऊन जेवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. भूक पोटात असते असं मला वाटायचं.

घरी बाईंना वाटत होतं की नानांनी खरं सांगितलंय, आणि ते खानावळीतच सगळ्यांसोबत बसून डबा खाताहेत. म्हणून त्या रोज चार घास जास्त घालत. चौघांनी हात घातला तर कमी पडायला नको. भात दाबून भरत, भाजीवर भाजी, वर दोन उकडलेली अंडी. माझे खटके लागता लागत नसत. नानांना ते परत नेता येईना, कारण नेलं तर बाई विचारणार. टाकवेना, कारण महिना कसला चाललाय ते त्यांना ठाऊक होतं. मग ते सगळं एकटेच खात. पाणी पीत, खात, पुन्हा पाणी पीत.

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पँटचा हूक लागेना.

मी त्यांच्या टेबलावर होतो आणि ते साहेबांच्या खोलीत गेले होते, तेव्हा फोडणीने टायपिस्ट बाईंना हळू आवाजात सांगितलं, "चरबी नाही ती. सूज आहे. माझ्या साडूला अगदी अशीच आली होती." मग काय झालं साडूचं, असं बाईंनी विचारलं. फोडणीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बाईंनी पुढे विचारलं नाही. साडू आजही ठणठणीत आहे, हे मागाहून कळलं.

त्या दिवसापासून नाना आले की बोलणी थांबू लागली. कुणीतरी त्यांच्या खुर्चीवर उशी ठेवली. फोडणी विनोद सांगता सांगता त्यांच्याकडे बघून अर्ध्यातच थांबायचा. आणि साहेबांनी त्यांची बाहेरची कामं बंद केली, सूज उतरेपर्यंत उन्हात जायचं नाही म्हणून.

हे बाहेरचं काम म्हणजे काय ते सांगतो. कचेरीत एक मोजणीदार आहे, नानांच्याच वयाचा, पंधरा वर्षांचा जोडीदार. तो टेप धरून जमीन मोजतो, आणि टेपचं दुसरं टोक धरून आकडे टिपायला आठवड्यातून तीन दिवस नाना त्याच्याबरोबर जात. आता तो एकटा जाऊ लागला. दुसरं टोक धरायला माणूस नाही, तर जमिनीत खिळा ठोकायचा, त्यात टेप अडकवायचा, चालत जायचं, आकडा टिपायचा, परत येऊन खिळा उपटायचा. संध्याकाळी तो येई तेव्हा त्याची मान करपलेली असे. नानांना तो फक्त एवढंच विचारी, "आज बरं आहे ना?" आणि नाना म्हणत, "आहे."

त्या 'आहे'नंतर त्यांची पेन्सिल बराच वेळ कागदावर टेकलेली राही. रेघ काही पुढे जात नसे.

घरी पैसे साठत होते. बाई दर रविवारी मोजत आणि बरणीत ठेवत. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं, आणि चोवीस तारखेला पाणी तापवायची टाकी गळायला लागली. दुरुस्तीवाला चौथा हिस्सा घेऊन गेला. फीला तेवढेच कमी पडले. नाना म्हणाले, बघू. बाईंनी दादांचं नावही काढलं नाही. त्यांनी ते काढलं असतं तर नानांना बरं वाटलं असतं.

सत्तावीस तारखेला टायपिस्ट बाई जिन्यावर आल्या. महिन्याभरात त्या पायऱ्यांवर आलेलं ते पहिलं माणूस. त्यांनी एक पाकीट नानांच्या हातात न देता माझ्या झाकणावर ठेवलं. "नाही म्हणू नका. आम्हा चौघांचं आहे. तपासण्या लांबवू नका," असं म्हणाल्या. नानांच्या तोंडात घास होता. ते उठून उभे राहिले, पण बोलता येईना. बाईंनी त्यांचे भरलेले डोळे बघितले, मान फिरवली आणि त्या निघून गेल्या.

नानांनी माझा वरचा कप्पा रुमालाने पुसला आणि पाकीट आत ठेवलं. घरी जाताना त्यांनी दोनदा रस्त्याच्या कडेला थांबून मला उघडलं. दुसऱ्यांदा मोजलं. फीची तूट भरून वर थोडं उरत होतं. मी पोटात आजवर पुष्कळ काही धरलंय, शिळं, आंबलेलं, सांडलेलं. त्या पाकिटाइतकं जड काही धरलं नव्हतं.

घरी बाईंनी मला धुवायला घेतलं आणि उघडलं.

"हे काय?"

नानांनी सगळं सांगितलं. सुजेच्या गोष्टीला बाईंना हसू आलं, पदर तोंडाला लावावा लागला. मग हसू थांबलं.

"म्हणजे महिनाभर तुम्ही एकटेच जेवत होतात?"

"हो."

"मी रोज चौघांपुरतं जास्त घालत होते."

"माहीत आहे."

"आणि तुम्ही ते सगळं..."

"परत आणलं असतं तर तू विचारलं असतंस."

बाई बराच वेळ मला पुसत राहिल्या. मी केव्हाच कोरडा झालो होतो. मग त्यांनी पाकीट उचललं, स्वतःच्या हाताने पुन्हा माझ्यात ठेवलं आणि दोन्ही खटके लावले. "हे आलं तसं उद्या जाऊ दे," म्हणाल्या. फीचं काय, हे दोघांनीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी एक वाजता नाना मला काखेत मारून खानावळीत गेले. चौघं ताटावर बसलेली. त्यांनी मला मधोमध ठेवलं, उघडलं आणि पाकीट बाहेर काढलं.

"मला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "पैसे नव्हते. नंबर द्यायला पैसे नव्हते, म्हणून तसं सांगितलं."

फोडणीकडे पहिल्यांदाच घालायला काही नव्हतं. साहेबांचा चालक, तो पाचवा, पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिला. टायपिस्ट बाई म्हणाल्या, "तुमच्या नंबरला मी दिले असते की हो."

मोजणीदाराने जेवण संपवलं, हात धुऊन आला आणि उभ्यानेच म्हणाला, "पैसे नाहीत हे सांगायची लाज वाटली तुला. मरायला टेकलोय असं भासवायची नाही वाटली. दोन आठवडे मी खिळ्याला टेप अडकवून एकेक रेघ दोनदा चाललोय. तुझ्यासाठी." पाकिटातून त्याने आपल्यापुरते पैसे मोजून घेतले आणि तो गेला.

त्या संध्याकाळी नानांनी वसतिगृहाच्या कचेरीत फोन केला आणि जसं आहे तसं सांगितलं. पलीकडच्या बाईंच्या आवाजात काही फरक पडला नाही. निम्मे आत्ता भरा, निम्मे पुढच्या महिन्यात, बरेच पालक तसंच भरतात, फक्त आधी सांगत जा, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. नाना रिसीव्हर हातात धरून बसून राहिले. इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि सोपं निघाल्याचा त्यांना आनंदही होईना.

दादांकडे जावं लागलं नाही. महिना संपला. व्यायामाची सायकल विकली गेली. बाई म्हणाल्या, जा आता एकदा सगळ्यांबरोबर, तुमचा नंबर राहिलाय. फोडणीनेही बोलावलं, टायपिस्ट बाईंनी दोनदा. पण नाना गेले की मोजणीदार ताट अर्धवट ठेवून उठायचा. दोनदा तसं झालं. तिसऱ्यांदा नाना गेले नाहीत. त्याला तरी नीट जेवू दे, असं ते बाईंना म्हणाले. मोजणीदार जमीन मोजायलाही एकटाच जात राहिला. पथ्य संपलं, पायरी मात्र तीच राहिली. भात आता एका माणसापुरता असतो.

आज दुपारी ते जेवत होते. वरचा कप्पा अर्धा संपला होता. मोजणीदार मागच्या जिन्याने उतरला, खांद्यावर टेप, खिशात खिळे वाजत होते. आमच्या बाजूने खाली गेला आणि शेवटच्या पायरीवर वाकून बुटाची नाडी बांधू लागला. ती बांधलेलीच होती.

"कोपऱ्याच्या प्लॉटला चाललोय," तो बुटाला म्हणाला.

नानांनी रुमालाला हात पुसला, उठले, खाली गेले, आणि त्याच्या खांद्यावरून लोंबणारं टेपचं टोक हातात घेतलं. त्याने ते सोडवून घेतलं नाही. दोघं फाटकातून बाहेर पडले. नाना अर्धं पाऊल मागे होते. बोलत होते की नाही, ते मला ऐकू आलं नाही.

मी पायरीवर राहिलो, झाकण उघडं. चिमण्यांनी थोडा भात नेला. तीन वाजता ऊन टाकीवरून उतरलं, आता ते पंपापाशी आहे. कचेरीतून खुर्च्यांचे आवाज येताहेत. मला इथे ठेवलंय हे कुणाच्या ध्यानात नाही, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटते. डब्याला विसरतात तेव्हा किती काळासाठी, ते सांगून विसरत नाहीत.

तरीही, या जिन्याने कुणी जाणार असाल तर एक विनंती आहे. मला उचलून आत नेऊ नका, आणि कुणाचा डबा म्हणून ओरडून विचारू नका. झाकण तेवढं लावा, मुंग्या यायला लागल्यात. डावा खटका घट्ट आहे, अंगठा लावावा लागेल. घाई नाही. कोपऱ्याचा प्लॉट मोठा आहे, दोघं असले तरी वेळ लागतो.