परवान्यापुरते तास

मानसशास्त्रात एम.ए. झाली तरी घरातली धाकटी अजून शिकाऊच होती. समुपदेशनाचा परवाना हवा तर अनुभवी माणसाच्या हाताखाली ठरावीक तास पेशंट बघावे लागतात, आणि ते तास काही केल्या भरत नव्हते. "गाडीचं लायसन्ससुद्धा याहून लवकर मिळतं," वडील चिडवायचे. ती हसायची, पण ते वर्मी लागायचं.

दर मंगळवारी तिच्याकडे एक तरुण शिक्षक यायचा. आईचा एकुलता एक. नोकरी सुटल्यापासून पार खचलेला. एका मंगळवारी मात्र तो खुर्चीत निवांत रेलून म्हणाला, "मॅडम, जगायचं नाही असं ठरवून टाकलंय. आता बरं वाटतंय."

नियम तिला तोंडपाठ होता. असं कोणी बोललं की त्याच दिवशी, जिच्या हाताखाली शिकतोय त्या मोठ्या मॅडमना सांगायचं. पण मग पेशंट मॅडमकडे जातो आणि शिकाऊचे पुढचे तास बुडतात. इतकी वर्षं घासल्यावर हातातोंडाशी आलेला घास कोण सोडणार? एवढा पुढचा मंगळवार होऊ दे, मग सांगू, असं तिने मनाला समजावलं. दुसऱ्यांची मनं समजावायला शिकलेली बाई ती, स्वतःचं काय अवघड होतं!

पुढचा मंगळवार त्याने पाहिलाच नाही.

"शेवटी काही बोलला होता का गं?" मोठ्या मॅडमनी विचारलं.

"नाही. उलट बरा वाटला."

मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तुझे तास कुठे जात नाहीत, म्हणाल्या. तेव्हा तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची किळसही आली.

काही दिवसांनी त्याची आई आली. त्याच्याच खुर्चीत बसली. दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेरून मोठ्या मॅडमचा आवाज येत होता.

"एक विचारायचं होतं," आई म्हणाली. "मला जगायचं नाही, असं तो मला म्हणाला होता. मी घाबरले. पण म्हटलं, मंगळवारी तुमच्याकडे येणारच आहे, तुम्हाला सांगेल. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही बघाल. म्हणून मी कुणाकडे बोलले नाही. सांगितलं होतं ना त्याने तुम्हाला?"

धाकटीने दाराकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे मला एकटीलाच माहीत होतं," आई म्हणाली.

धाकटीने तिला पाणी दिलं, आणि शिकवलं होतं तसं हळू आवाजात म्हणाली, "स्वतःला दोष देऊ नका."