दुसऱ्याच्या डबीत

चष्मेवाल्याने हिरवी डबी डाव्या मांडीवर ठेवली, लाल उजव्या, आणि दोन्हींवर एकेक अंगठा टेकवून टीव्हीकडे पाहिलं. बटणांच्या आणि चिमुकल्या पडद्याच्या त्या डब्यांच्या वायरी टीव्हीखालच्या गेमच्या यंत्रात गेल्या होत्या. पडद्यावर टोपीवाली दोन बाहुली शेजारी शेजारी उभी. हिरवं चालवावं तर लाल जागचं हलेना, लाल हलवावं तर हिरवं सरळ तळ्यात. तिसऱ्यांदा बुडाल्यावर तो करवादला, "जा, मरा दोघंही!"

हा खेळ मुळी दोघांचाच. हिरवा तो, लाल त्याची ताई. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. ताई दिवसभर शाळेत चाळीस पोरं सांभाळायची आणि घरी आली की हे एक्केचाळिसावं, पन्नाशीचं. रविवारी जेवणं उरकली की दोघं टीव्हीसमोर बसत.

दीड महिन्यापूर्वी, चोपन्नाव्या वर्षी, ताईने लग्न केलं. नवरा मोजणी खात्यातला, साधा माणूस. लग्नात हसून हसून चष्मेवाल्याचे गाल दुखले. निघताना ती म्हणाली होती, "खेळातला शेवटचा दरवाजा माझ्याशिवाय उघडायचा नाही हं. रविवारी येत जाईन."

दोनदा आलीही. मग मात्र नाही. आज सकाळी सलग तिसऱ्या रविवारी तिचा फोन, "आज काही जमत नाही रे." हा "बरं" म्हणाला, फोन ठेवला आणि हट्टाला पेटला. नाही तर नाही. दोन हात आहेत की मला! उघडून दाखवतो.

हात बसावा म्हणून त्याने आधी जुनाच टप्पा लावला, दहा वेळा खेळलेला. तळं कसंबसं पार झालं आणि गुहा आली. इथे हिरव्याने बाहेरच्या दगडावर उभं राहून बटण दाबून धरायचं; सोडलं की गुहेचं तोंड बंद. लाल आत गेली की टीव्हीवरून नाहीशी व्हायची आणि फक्त आपल्या डबीच्या पडद्यावर दिसायची. दुसऱ्याच्या डबीत डोकावायचं नाही, तोंडाने विचारायचं, हा घरचा कायदा.

"झालं का ग?" तो विचारायचा.

"थांब रे, काळोख आहे नुसता. चाचपडतेय."

पाच मिनिटं. कधी दहा. अंगठा बधिर व्हायचा, पण पठ्ठ्याने बटण कधी सोडलं नाही. वर ऐकवायचाही, "मी आहे म्हणून तुझा आत निभाव लागतो."

आज त्याने डाव्या अंगठ्याने बटण दाबून धरलं, उजव्याने लालला आत नेलं आणि मान वळवून तिच्या डबीत पाहिलं.

आत लख्ख उजेड होता. छोटीशी खोली, भिंतीला दिवा, पाच पावलांवर किल्ली. ना राक्षस, ना खड्डा. आठ सेकंदांत लाल बाहेर.

काहीतरी चुकलं असेल म्हणून तो दुसऱ्या गुहेत गेला. तिथेही उजेड. तिसरीतही.

मग त्याला ताई आठवली. खुर्चीत पाय वर घेऊन, डबीवर मान घालून बसलेली. तिचे अंगठे हलत नसत. ते त्याने कितीदा तरी पाहिलं होतं, आणि बिचारी घाबरली असेल असं समजून गप्प राहिला होता. तेवढा वेळ तो चहा मागत नसे. टॉवेल कुठाय विचारत नसे. ताई गुहेत आहे ना, म्हणून. अख्ख्या आठवड्यात तिला कुणी हाक मारत नसे ते तेवढ्याच वेळात.

त्याने फोन लावला.

"चिडलायस ना?" ताई घाईघाईने म्हणाली. "जिवाला लावून घेऊ नकोस रे. पुढच्या रविवारी—"

"ताई, गुहेत काळोख नसतो."



"डोकावलास?"

"तू आत काय करायचीस ग?"

"काही नाही रे," ताई म्हणाली. "बसायचे."

माझा एवढा त्रास व्हायचा का, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. विचारायचा धीर झाला नाही. तिच्या मागे कुणाचा आवाज येतो का, ते त्याने कान देऊन ऐकलं. घर शांत होतं.

"आत्ता काय करत होतीस?"

"आत्ताही बसलेच होते. हे बाहेर गेलेत." मग एकदम अपराध्यासारखी म्हणाली, "पण पुढच्या रविवारी येते मी. नक्की. तुझा दरवाजा अडलाय."

"नको," तो म्हणाला. "नको येऊस. दरवाजा मी उघडतो. तू बस."