पाच मिनिटांचा वळसा

"पाच मिनिटांचं काम हाय बे!" देवानंद बोलला अन् तिथंच फसला.

समोर ओट्यावर डोमाजी बसला होता. सत्तरीच्या पार गेलेला, तोंडात दात चार, अन् हातात उसाचं कांडं. थो म्हणे, "असं काय गा? मंग मी हे कांडं चघळून संपवाच्या आत कौशल्याचा भरला ठेला वळसा घालून पल्याड नेऊन दाखव. लाव पैज!"

"लावली! हरलो तं गळ्यात वांग्याची माळ घालून, सोमवारी रस्त्याच्या साहेबासमोर ठेल्यावरची सारी भाजी मी विकतो. अन् तू हरला तं?"

"तं तुह्या फटफटीवर मांगं बसून साऱ्या माळीपुऱ्यात 'देवानंद झिंदाबाद' वरडतो."

जमलेल्या बाया खदखदा हासल्या. मले मात्र कोणी इचारलं नाई. अन् ढकलल्या जाणार होतो मी!

मित्रांनो, मी एक जुना भाजीचा ठेला आहो. अंग बाभळीचं, चाकं सायकलीची. अंजनगाव सुर्जीच्या एका सुतारानं मले घडवलं. माहा पयला मालक केळीवाला होता. थो मले टेंपोत टाकून रिद्धपूरच्या यात्रेत नेत जाय. माह्याभोवती केळीसाठी अशी गर्दी होय का मी फुगून जाओ. मंग त्यानं ऑटो घेतला अन् मी भिंतीमांगं पडलो. कोंबड्या माह्यावर झोपत अन् सकाळी उठून माह्यावरच घाण करत. असे दिवस काढले बाप्पा!

तिथून मले कौशल्यानं उचललं. घासून धुतलं, हिरवा रंग देल्ला. तिचा मळा माळीपुऱ्याच्या मांगंच हाय. रोज सकाळी मेथी, वांगी, टमाटर अन् सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दवानं भिजलेल्या जुड्या माह्यावर चढतात. गिऱ्हाइकं हायवेच्या पल्याड, ले-आऊटमधे, म्हणजे नव्या घराईच्या वस्तीत. दुभाजकात आमच्या पुऱ्यासमोर एक कट हाय, पल्याड जाची मोकळी वाट. दोन्हीकडे पाहा, ढकला, पोचलो!

आता रस्ता मोठा होऊन राहिला. होऊ द्या ना, आमाले त्याची पोटदुखी नाई. पण सोमवारी सिमेंटचे ठोकळे टाकून कट बंद कराचा, असं ठरलं. मंग पल्याड जाचं तं दूरच्या फाट्यापर्यंत जा, पुलाखालून वळा अन् तेवढंच परत या. पुऱ्यानं अर्ज देल्ला का वस्तीसमोर पायी जाणाऱ्यांसाठी भुयार बांधा, तोवर कट उघडा ठेवा. रस्त्याच्या कामाचे साहेब म्हणाले, "तुमच्याच वस्तीतला माणूस सांगतो, पाच मिनिटं लागतात."

थो माणूस म्हणजे देवानंद. त्याचं मोबाइलचं दुकान रस्त्याले लागून. रस्ता मोठा झाला का गिऱ्हाइकी मोठी, असं त्याचं गणित.

कौशल्या त्याले म्हणाली होती, "भाऊ, तू फटफटीवर जातं. कट गेला तं मी काय टोपलं डोक्यावर घेऊन दुभाजकावरून उड्या मारू?"

त्याच बोलण्यातून ही पैज निघाली.

देवानंदनं बाह्या सारल्या, माहा दांडा धरला अन् निघाला. मांगून डोमाजी वरडला, "पायजो हो, कोबी पडू देऊ नको!" अन् सारा माळीपुरा कटातून आरामात पल्याड जाऊन ले-आऊटच्या गेटाजवळ बसला.

तुमी म्हणाल, मी मुद्दाम चाक अडवलं असन. नाई हो. गरजच नाई पडली! कडेनं चालाले जागाच नव्हती, सारी गिट्टी, खडीच खडी. माह्यं चाक गिट्टीत रुते, देवानंद "हैस्सा" म्हणून जोर लावे, अन् मी हातभर पुढं. मांगून ट्रकाईचे हारन. एक ट्रेलर इतका जवळून गेला का मेथीच्या जुड्या उडाल्या अन् माह्या लाकडात कंप भरला. देवानंदनं दांडा सोडला नाई, पण त्याचा चेहरा पांढरा पडला.

"बाप रे," थो हळूच बोलला. "कौशल्यावहिनी रोज अशी जाईन?"

मी काय बोलणार? मी तं ठेला.

पुलाखाली चिखल. तिथे आमी दोघं फसलो. एका ट्रॅक्टरवाल्यानं हात देल्ला तवा निघालो. गेटाजवळ पोचलो तं डोमाजी दुसरं कांडं चघळत होता.

"आला का राजा? पयलं केव्हाच सरलं!"

देवानंदचा श्वासच बसेना. तेवढ्यात ले-आऊटची एक बाई आली, मेथी उचलून पाह्यली अन् परत ठेवली. "वाळली हो. स्वयंपाकही झाला आता."

कौशल्यानं उन्हानं मान टाकलेली जुडी नीट करून ठेवली, फक्त तेवढंच. देवानंद तिच्या हाताकडे पाहत राहिला.

सोमवारी साहेब आले. मांगं ठोकळ्याईचा ट्रक उभा. माळीपुरा कटात जाऊन बसला, बाया पुढं. अन् मधोमध मी, माह्यामांगं वांग्याची माळ घातलेला देवानंद.

"घ्या मेथी! घ्या सांभार! वळसा घालून आलेला शिळा माल घ्या हो!"

साहेब चिडले. "हा काय तमाशा आहे?"

"पैज हरलो साहेब, थे फेडून राहिलो." देवानंद गर्दीसमोर खणखणीत बोलला, "पाच मिनिटं लागतात असं तुमाले मीच सांगतलं होतं. फटफटीवर बसून सांगतलं होतं. ठेला ढकलला अन् मरता मरता वाचलो. माह्यं बोलणं मी परत घेतो, लिहून घ्या."

"बरं, पाहू आपण."

"पाहू नाई," कौशल्या उठली. तिनं माहा दांडा साहेबाच्या दिशेनं वळवला. "ढकला. मी संगं येते. तुमी पोचले तं आमी स्वतः उठतो अन् ठोकळे लावू देतो."

साहेबानं दांड्याले हात लावला, कडेच्या गिट्टीत चार पावलं गेले, अन् बाजूनं ट्रक सणसणत गेला. त्यांची टोपी उडाली. थे थांबले. टोपी उचलाले वाकले, तवा रस्त्याच्या कडेकडे बराच वेळ पाहत होते. मंग ठोकळ्याईच्या ट्रकवाल्याले म्हणाले, "वापस जा. भुयाराचं ठरेपर्यंत कट राहील."

"लिहून द्या, साहेब," कौशल्या म्हणाली. त्यांनी माह्याच फळीवर कागद ठेवून लिहून देल्लं.

मित्रांनो, रस्ते खुशाल मोठे करा. फक्त आखाच्या आधी एकदा आमच्यासारख्याचा दांडा धरून चालून पाहा. अन् चाकाले जरा तेल घाला.

भाजी अजून उरली होती. साहेब जीपकडे निघाले तसा डोमाजी वरडला, "ए देवानंद, पैज पुरी कर!"

माळेतली वांगी सावरत देवानंदनं मले जीपसमोर आडवं लावलं.

"साहेब, पालक घ्या. आज ताजा हाय, कटातून आणला!"