दोरी दिसली पाहिजे

दोरीवरच्या उड्यांच्या स्पर्धेत निवड व्हायची तर व्हिडिओ पाठवायचा होता आणि अट एकच होती: पायाखालून जाणारी दोरी स्पष्ट दिसली पाहिजे. इथंच धाकटीचं घोडं अडलं. ती दोरी अशी गरगर फिरवायची की आईच्या फोनमध्ये दोरी गायबच व्हायची. उरायची ती मुठी आवळून जागच्या जागी थयथयाट करणारी एक पोरगी. ‘दोरी आढळली नाही, पुन्हा पाठवा,’ असं निवड समितीनं कळवलं.

शेवटच्या दिवशी आईनं मामाला बोलावलं. मामानं नुकताच महागडा कॅमेरा घेतला होता, म्हणजे घरच्यांच्या लेखी तो तज्ज्ञ झाला होता. बैठकीच्या खोलीतला सोफा भिंतीला लावून त्यानं कॅमेरा मांडला आणि शटरचा वेग वाढवला. पडद्यावर दोरी नाही, भाची नाही, सोफाही नाही, नुसता काळोख.

“शटर झटकन मिटलं की चित्र धूसर होत नाही,” मामा समजावू लागला, “पण उजेड भरपूर लागतो.”

“मग बाहेर उन्हात जाऊ या ना,” धाकटी म्हणाली.

“बाहेर धूळ आहे,” मामा म्हणाला. कॅमेऱ्यावरचं दुकानातलं प्लास्टिकसुद्धा त्यानं अजून काढलं नव्हतं.

घरातले सगळे दिवे लावून झाले. आजोबांचा वाचायचा दिवा तर त्यांच्या हातातल्या पेपरावरून उचलून आणला. तरीही काळोख हटेना. शेवटी मामानं शटर होतं तसं केलं आणि तोडगा काढला.

“तू दोरीच जरा हळू फिरव.”

“अरे मामा, स्पर्धा वेगाची आहे!”

“वेग काय, त्यांना कळेलच. आधी दोरी तर दिसू दे.”

“ऐक गं त्याचं,” आई म्हणाली, “त्याला कळतं त्यातलं.”

धाकटीला रडूच कोसळणार होतं. वर्षभर घाम गाळून कमावलेला वेग तिनं गिळला आणि जेवण जड झालेल्या माणसासारख्या उड्या मारल्या. व्हिडिओ मात्र देखणा आला. दोरीचा पीळ न् पीळ मोजून घ्यावा.

आठवड्याभरानं उत्तर आलं. चित्रीकरण अत्यंत सुस्पष्ट. मुलीचा वेग अपुरा, सबब निवड नाही. मात्र अंतिम स्पर्धेच्या चित्रीकरणासाठी आम्ही माणूस शोधतच आहोत, तरी ज्यांनी हा व्हिडिओ काढला त्यांनी संपर्क साधावा.

“घरातलं कुणीतरी निवडलं गेलं म्हणायचं!” आईला कोण आनंद झाला. मामाची कॉलर ताठ झाली. “तूही चल,” तो उदार मनानं म्हणाला, “दिवा धरायला कुणीतरी लागेलच.”

धाकटीचा संताप संताप झाला होता. तरी आवाज चढू न देता ती म्हणाली, “मामा, त्या मुलींना तरी हळू उड्या मारा म्हणू नकोस.”

मामानं गंभीरपणे विचार केला.

“ते तिथल्या उजेडावर आहे,” तो म्हणाला.